पाठीचा तुकडा

हानबाईंच्या वर्गात भिंतभर आरसा होता, पण पहिले सहा महिने त्यावर चादर टाकलेली असे. नव्या मुलींना वाटायचं, काच फुटली असावी. मग एखादी धीट मुलगी हळूच कोपरा उचलून बघायची, आणि टेबलाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाई मागे न वळता म्हणायच्या, "काच शाबूत आहे. तूही आहेस. आता ये आणि रेघ मार."

चादरीमागचं कारण त्या एकदाच सांगत, पहिल्या आठवड्यात. आरशासमोर उभं राहून शिवणारी फक्त पुढची बाजू शिवते. स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही, म्हणून पाठ बिघडते. लोकांना मात्र आपली पाठच जास्त दिसते, रांगेत, जिन्यावर, निरोप घेऊन निघताना. गळ्याला मोती लावणारे या गल्लीत शंभर सापडतील, त्या म्हणत, पाठ नीट बसवणारे मोजायला मला एका हाताची बोटं पुरतात. त्या बोटांत एक बोट त्यांचं स्वतःचं असे, हे मुलींना न सांगता कळायचं.

वर्ग सोलमध्ये, दोंगदेमुनच्या कापडबाजारामागे, चांगशिनच्या चढाला जिथे सुरुवात होते तिथे. खाली जॉमसुनचं बटणांचं दुकान, मधल्या मजल्यावर झिपवाला, आणि तिसऱ्या मजल्यावर बाई. जॉमसुन बाईंहून आठ वर्षांनी लहान. ती त्यांना ताई म्हणायची आणि त्यांच्याशी जितकं फटकळ बोलायची तितकं त्या बाजारात दुसरं कुणी बोलत नसे.

पहिला महिना बाई सुईला हात लावू देत नसत. मुलींना बाजाराच्या पायऱ्यांवर बसवत आणि माणसं बघायला सांगत. कापडाचे तागे पाठीवर घेणारा हमाल हात वर करतो तेव्हा जाकीट कुठे ओढलं जातं, मासे विकणारीची कोपरं दिवसभर कशी असतात. एका मुलीने परत येऊन सांगितलं, त्याचं जाकीट निळं होतं. बाई म्हणाल्या, "निळं मला इथूनही दिसलं असतं. बाही कुठे अडत होती ते बघायला तुला पाठवलं होतं." कुणी मासिकातलं चित्र आणून हा कोट शिवायचाय म्हणाली, तर बाई तिला हात उंच करून उभं करत, बसमध्ये वरचा दांडा धरल्यासारखं, आणि विचारत की आता तुझा कोट कुठे गेला. चित्रातल्या बाईला बसने जायचं नसतं, तुला जायचंय. फॅशनवर त्यांचं भाषण एवढंच.

हे सगळं ऐकून माणसाला वाटेल, किती समजूतदार बाई. त्या समजूतदार होत्याच. पण त्यांच्या वर्गात उसवणीचा दिवसही होता.

त्यांचं नाव मालसुन, त्यातलं माल म्हणजे शेवट. चार मुलींनंतरची पाचवी, आता ही शेवटची असू दे म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. चौदाव्या वर्षी त्या खेड्यातून आल्या आणि बाजारातल्या एका शिवणखोलीत हाताखालची मुलगी म्हणून लागल्या. मालकाने एका मजल्याचे दोन केलेले, त्यामुळे उभं राहिलं की डोकं छताला लागायचं. तिथला कटिंग मास्तर लाकडी पट्टीने बोटांवर मारायचा. चूक काय झाली ते सांगायचा नाही. ती मुलीने शोधायची. मालसुनने तेव्हाच ठरवलं की आपण कधी शिकवायला लागलो तर कुणावर पट्टी उगारायची नाही. हा शब्द त्यांनी अडतीस वर्षं पाळला, आणि दर वर्षी नव्या मुलींना बोटांवरचे ते वळ कुठे होते हे दाखवूनही पाळला. पट्टी त्यांनी फक्त कागदावर टेकवली.

मारण्याऐवजी त्या उसवत.

वर्ष संपलं की प्रत्येकीने आपला पहिला पूर्ण कोट आणायचा, सगळ्यांसमोर पुतळ्याला चढवायचा. बाई धागे कापायची छोटी कात्री घेऊन एक शिवण उसवणार, उरलेलं त्या मुलीने स्वतः उसवायचं. सगळे तुकडे इस्त्री करून गुंडाळायचे, वर नाव लिहायचं आणि वर्गातल्या फळीवर ठेवायचे. मग बाईंना कमरेत वाकून म्हणायचं, शिकवल्याबद्दल आभारी आहे. पुढे पहिली नोकरी लागली की यायचं, आपली गुंडाळी घेऊन जायची आणि तोच कोट नव्याने शिवायचा. शिवताना माणूस स्वतःच्या प्रेमात पडतं, उसवताना शहाणं होतं, असं बाईंचं म्हणणं. बहुतेक मुली पुढे हसत हसत येऊन गुंडाळी घेऊन जात. एक गुंडाळी तेवढी फळीवर सव्वीस वर्षं पडून होती. तिच्यावर नाव होतं सो मिरान.

मिरान आली ते साल सगळ्या देशाला वाईट होतं. कारखाने बंद पडत होते, सुटाबुटातली माणसं सकाळी घरातून निघून दिवसभर डोंगरावर बसून राहत होती. मिरान उइसॉंगची, लसणीच्या मुलखातली. एकवीस वर्षांची, कमी बोलणारी, एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा न विचारणारी. सहा महिन्यांत ती अशी पाठ कापू लागली की बाई तिचं काम इतरांना दाखवत. आणि उसवणीच्या आदल्या दिवशी जॉमसुन कॉफी ढवळता ढवळता सहज म्हणाली, "ताई, ही पोर तुझ्याहून चांगली पाठ कापते बरं का. आता तू बटणं विकायला माझ्याकडे ये." दोघी हसल्या. बाई जरा कमी हसल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात बावीस मुली होत्या. रॉकेलच्या शेगडीवर सातूच्या चहाची किटली होती. मिरानने गडद तपकिरी लोकरीचा कोट पुतळ्याला चढवला आणि हात जोडून बाजूला उभी राहिली. कोटाची पाठ बिघडलेली होती. खांद्यांच्या मधोमध फुगवटा, मागचा घेर खाली लोंबलेला, पुढचा वर चढलेला, कॉलर मानेपासून सुटलेली. सगळ्यांना दिसत होतं. बाई कोटाभोवती एकदा फिरल्या आणि म्हणाल्या की आरसा सहा महिने झाकला तो हिच्यासाठी फुकटच गेला. मुली हसल्या. मग बाईंनी कात्री घेतली. एक शिवण उसवून थांबायचा नियम होता, पण त्या थांबल्या नाहीत. खांदा उसवला, दुसरा खांदा उसवला, बाह्यांचे मुंढे उसवले, पाठ पूर्ण सुटी केली. वीस मिनिटं लागली. तोवर कुणी हसत नव्हतं. मिरानने हात जोडलेले सोडले नाहीत. शेवटी ती वाकली आणि म्हणाली, "शिकवल्याबद्दल आभारी आहे, बाई."

बाई काहीतरी आणायला म्हणून खाली जॉमसुनच्या दुकानात गेल्या. खरं तर त्यांना वर थांबवत नव्हतं. दुकानात स्टुलावर एक म्हातारी बसली होती, पायाशी लसणीच्या माळा. जॉमसुनने ओळख करून दिली, मिरानची आई. म्हातारी उठली, पण उठल्याचं कळलं नाही. शेतात वाकून वाकून तिची पाठ कमानीसारखी झाली होती, समोरच्याशी बोलायला तिला हनुवटी वर करावी लागे. त्यातूनही ती आणखी वाकली, लसणीची एक माळ दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाली की पोरीला तुम्ही घडवलंत. उद्या थोरल्याचा पदवीदानाचा समारंभ आहे, पोरीने माझ्यासाठी कोट शिवलाय म्हणते, झाला का हो तयार?

बाईंच्या डोळ्यांनी न सांगता माप घेतलं. मानेपासून कमरेपर्यंत चार बोटं जास्त, पुढून तेवढीच कमी, खांद्यांमध्ये बाकाला जागा. कोटाची पाठ बरोबर होती. एका बोटाचीही चूक नव्हती. चूक पुतळ्याची होती, तो सरळ होता.

"थोडं काम राहिलंय," बाई म्हणाल्या.

मिरान तेव्हा जिना उतरत होती. तिने आईच्या हातातलं गाठोडं घेतलं, बाईंना पुन्हा वाकली आणि दोघी गेल्या. पुढून बघितलं तर एक सरळ मुलगी आणि एक वाकलेली बाई. मागून बघितलं तर दोन पाठी, आणि त्यातली एक बाईंना पुढे कित्येक वर्षं डोळ्यांसमोरून हलवता आली नाही.

वर एकवीस मुली थांबलेल्या होत्या. तेव्हा सांगता आलं असतं. त्या जिना चढताना तसं ठरवतही होत्या. पण दारात पोहोचल्यावर सगळ्या मुली एकदम उभ्या राहिल्या, जशा रोज राहत, आणि बाईंनी तुकडे गोळा करून नाव लिहायला सांगितलं. लसणीची माळ उन्हाळ्यापर्यंत पुरली. बाई ती रोज वापरत होत्या, कारण फेकून देणं त्याहून वाईट झालं असतं.

त्यानंतर एक बदल झाला. उसवायच्या आधी त्या विचारू लागल्या, हे कुणाचं? का विचारता, असं कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मिरान कुठे कुठे राबली, ते बाजारातून कानावर यायचं. मग तिने स्वतःच्या नावाने कपडे काढले, सोंगसुच्या बाजूला बुटांचा जुना कारखाना घेऊन तिथे मोठी जागा केली. एका मासिकात तिची मुलाखत आली. घडलात कशा, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, माझ्या बाईंनी माझा वर्षाचा कोट सगळ्यांसमोर उसवला, त्या दिवशी मी घडले. जॉमसुनने ते पान दुकानाच्या काचेला आतून चिकटवलं. "वाच गं ताई, तुझी कात्री जगात पोचली." बाईंनी वाचलं. पानात मिरानचा फोटो होता, पाठमोरा.

त्या पानाने वर्ग वाचला. तेव्हा मुली कमी होत चालल्या होत्या, कॉलेजं निघाली होती, फोनवर बघून शिकणारे आले होते. पण पान वाचून आया आपल्या पोरींना घेऊन जिना चढू लागल्या आणि म्हणू लागल्या, हिलाही तसंच कडक शिकवा. मुली विचारत, खरंच का हो बाई? बाई म्हणत, कोट होता आणि उसवला होता. दोन्ही खरं होतं. असा वर्ग आणखी दहा वर्षं चालला. दर वर्षी शिक्षकदिनाला मिरानच्या ऑफिसातून लाल फुलं आणि फळांची पेटी येई. सोबतच्या कार्डावरचं अक्षर दर वर्षी वेगळ्या माणसाचं असे.

शेवटी वर्गात एकच मुलगी उरली, जू दानबी. तेवीस वर्षांची, बसड्रायव्हरची मुलगी. तळहाताला घाम यायचा म्हणून पावडरचा डबा जवळ ठेवायची. हाताने मंद, पण काहीही हातात घेतलं की आधी विचारायची, हे घालणार कोण? कागदावर नुसता सराव असला तरी विचारायची. बाई वैतागत. "तुझी मावशी घालणार आहे. मार रेघ." मग ही विचारायची, मावशी जाड आहे का? बाईंना हसू आवरत नसे. तिने वडिलांसाठी कोट शिवला तो बसून घालायचा, स्टिअरिंगवर हात ठेवून. उभ्या पुतळ्यावर तो अगदी विचित्र दिसला. बाईंनी तो पुतळ्यावरून काढला, खुर्चीच्या पाठीवर चढवला आणि बराच वेळ बघत राहिल्या. नियम म्हणून एक शिवण उसवली. तीही खालच्या घेराची.

तिसरा मजला घरमालकाला परत हवा होता, कॉफीच्या दुकानासाठी. वर्ग बंद होणार म्हटल्यावर बाईंना स्वतःची नाही तेवढी दानबीची काळजी लागली. ओळखीशिवाय चांगल्या जागी कुणी आत घेत नाही. मग त्यांनी मिरानला पत्र लिहिलं, हाताने, दोन वेळा लिहून फाडून तिसऱ्यांदा. त्यात दानबीबद्दल सगळं होतं आणि कोटाबद्दल काही नव्हतं. आठ दिवसांत उत्तर आलं, पाठवून द्या.

पहिल्या महिन्यात दानबी रोज फोन करायची. मग आठवड्याला. मग फोनवर ती एवढंच म्हणू लागली की बरं चाललंय, शिकायला मिळतंय. चुसकचा सुगीचा सण तोंडावर आला तेव्हा बाईंनी नाशपतीची पेटी घेतली, फळीवरून उतरवून घरी आणलेली ती गुंडाळी कापडात गाठोडं करून बांधली आणि सोंगसुला निघाल्या. जॉमसुनने विचारलं, पेटी कळली, गाठोड्यात काय? बाई म्हणाल्या, उधारी. जॉमसुनने त्यांच्या कॉलरची घडी नीट केली. त्या दिवशी खाली तीच होती ना, मिरानच्या आईला कॉफी देत. तिलाही डोळे होते.

मिरानची जागा मोठी, उंच छताची होती. कुणाचं डोकं आपटणार नाही इतकी उंच. एका लांब टेबलाभोवती वीसेक तरुण पोरं-पोरी उभी होती. भिंतीला आरसा होता आणि त्यावर पांढरी चादर. बाईंना दाराजवळ खुर्ची दिली, कागदी पेल्यात कॉफी दिली. मिरान टेबलापलीकडून खोल वाकली. केस पांढरे होऊ लागले होते, तिने ते रंगवले नव्हते.

"वेळेवर आलात, बाई," ती म्हणाली. "तुमचाच तास चाललाय."

पुतळ्यावर एक जाकीट होतं आणि बाजूला हात जोडून दानबी उभी होती. मिरानच्या हातात धागे कापायची छोटी कात्री. ती जाकिटाभोवती एकदा फिरली आणि म्हणाली की पाच महिने हिचं बोट धरून चालवलं, ही बाही त्यावर मिळालेलं बक्षीस. पोरं हसली. मग तिने बाही उसवली, दुसरी उसवली, कॉलर उसवली. हात सराईत होते. बाईंनी ओळखले, ते त्यांचेच हात होते. शिवण चुकली होती की बरोबर होती, ते दारापासून दिसत नव्हतं. पण बाईंना एक गोष्ट दिसली. खोलीतलं कुणीच बाहीकडे बघत नव्हतं. सगळे त्या मुलीकडे बघत होते. त्या दिवशी आपल्या वर्गातही असंच असणार, आपली मान तेवढी खाली होती.

दानबी वाकली. "शिकवल्याबद्दल आभारी आहे, मॅडम."

आतल्या खोलीत मिरानने स्वतः नाशपती सोलायला घेतली. साल एकसंध सुटत होती. बाईंनी गाठोडं सोडलं. लोकर अजून चांगली होती, फक्त घडीच्या रेषांवर विटलेली. त्यांनी पाठीचा तुकडा टेबलावर पसरला. सपाट टेबलावर तो मधोमध उचललेला राहिला.

बाईंनी बोलायचं घरून ठरवून आणलं होतं, त्यातलं निम्मं विसरलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ही पाठ बरोबर होती. चूक माझी होती. तुझ्या आईला खाली बघितलं आणि मला कळलं. मी बोलले नाही."

मिरानने सुरी थांबवली नाही. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"जिन्यातच. तुम्ही आईला म्हणालात, थोडं काम राहिलंय. तुमचा तो आवाज मी वर्षभरात कधी ऐकला नव्हता."

सव्वीस वर्षं बाईंनी ही गोष्ट मनात झाकून ठेवली होती, आणि जिच्यापासून झाकली तिला ती पहिल्या मिनिटापासून ठाऊक होती. त्यांनी विचारलं, मग मासिकात तसं का सांगितलंस, घडले म्हणून?

"मग काय सांगायचं होतं? बाईंनी चुकून उसवला आणि भावाच्या पदवीच्या फोटोत माझी आई शेतातलं जाकीट घालून उभी आहे, हे? ते कुणी छापलं असतं, बाई? आणि तुमच्याकडे पुढची दहा वर्षं कोण आलं असतं?" तिने फोडी ताटलीत लावल्या, काटा टोचून एक बाईंपुढे केली. "आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा आला असतात तर तिला सांगता आलं असतं. आता हे तुम्ही तुमच्यासाठी आणलंय. घ्या, गोड आहे."

बाईंनी फोड घेतली. मग म्हणाल्या की माझं सोड, त्या पोरीचं तरी असं करू नकोस, ती मंद आहे पण तिची नजर चांगली आहे.

"मी काय वेगळं करते?" मिरान म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच बाईंना जड गेलं. "पट्टी तर मीही कधी उचलली नाही."

मग तिने पाठीच्या तुकड्यावरून हात फिरवला, एकदाच, आईच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि लगेच हात काढून घेतला. म्हणाली, हे ठेवून जा. बाहेर दारापाशी काचेत लावू. लोक विचारतात, सुरुवात कुठून झाली.

निघताना दानबी खाली दारापर्यंत पोचवायला आली. रडली नव्हती. बाईंनी तिला सांगितलं की इथून निघ, चल माझ्याबरोबर. हे बोलताना कुठे चल, याचा त्यांनी विचार केलेला नव्हता.

"कुठे येऊ, बाई? तिसऱ्या मजल्यावर आता कॉफी विकतात." तिने हसायचा प्रयत्न केला. "आणि तुम्हीच म्हणायचात ना, उसवताना माणूस शहाणं होतं. होतेय मी शहाणी."

"ती बाही कुणासाठी होती?"

दानबीने खांदे उडवले. इथे तसं विचारत नाहीत, ती म्हणाली. मग सणाच्या शुभेच्छा दिल्या, वाकली आणि जिना चढू लागली. बाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. वडिलांचा कोट शिवणारी ती मुलगी ताठ होती. आता दोन्ही खांदे पुढे आले होते, मान आत गेली होती. डोळ्यांनी न सांगता माप घेतलं. दोन बोटं.

पानगळ सुरू झाली तेव्हा एका सकाळी दानबीचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात जुनी घाई होती. मॅडमने तिला एक काम दिलं होतं, जुन्या लोकरीचा एक तुकडा काचेच्या चौकटीत बसवायचा. दुपारी पाहुणे येणार होते. पण तो तुकडा काही केल्या सपाट राहत नव्हता, मधे फुगत होता.

"कापड खराब नाहीये, बाई. मी उलटून बघितलं. हे मुद्दाम कापलंय. इथे खांद्यांमध्ये चार बोटं जास्त दिलीत. कुणाची पाठ होती ही?"

हा प्रश्न सव्वीस वर्षांपूर्वी एकवीस मुलींपैकी एकीनेही विचारला नव्हता, आणि ज्यांनी विचारायला हवा होता त्यांनीही नाही. बाईंनी सांगितलं. मिरानच्या आईची. उइसॉंगला लसूण लावायची. कोट मीच उसवला, कोट बरोबर होता.

दानबीने विचारलं, मॅडमना माहीत आहे?

"आहे."

"मॅडम म्हणाल्या, सपाट दिसायला हवा. काच बसत नाही."

बाईंच्या हातात ऐन वेळी सगळं होतं. दाबू नकोस, एवढं म्हणायचं होतं. मुलीने ऐकलंही असतं, कारण ती अजून त्यांचंच ऐकत होती. आणि ऐकलं असतं तर दुपारपर्यंत ती त्या लांब टेबलापाशी पुन्हा हात जोडून उभी असती, किंवा रस्त्यावर. बाईंनी खिडकीतून समोरच्या चढाकडे बघितलं. कोणीतरी पाठीवर तागे घेऊन वर चाललं होतं.

"दानबी," त्या म्हणाल्या, "लोकर आहे ती. इस्त्री थेट लावू नकोस, चमक येईल. वर ओलं फडकं घे. आधी नुसती वाफ दे, मग बाजूने मधे ये, आणि थंड होईपर्यंत हात उचलू नकोस."

"बसेल ना?"

"बसेल," बाई म्हणाल्या. "नीट दाबलंस तर कुणाला कळणारही नाही."